नत्थूजींच्या गाण्याचा मधला तुकडा

दसरा चार दिवसांवर आला होता आणि रुपराव शेंडे यांच्या घरातले झाडून सगळे कपडे पलंगावर आले होते. कपड्यांच्या कपाटात आता कॅसेटी राहणार होत्या.

"अजी, मंग हे लुगडे कुठं ठेवू? तुमच्या डोक्श्यावर?" पुष्पलतानं विचारलं.

"कपड्याचं काय वं, ते दोरीवरबी राहते," रुपराव स्टुलावर उभ्या उभ्या म्हणाले. "आवाज राहते का दोरीवर?"

या प्रश्नाला जगात कोणाकडेच उत्तर नसावं अशा थाटात त्यांनी वरच्या फळीवर फडकं मारलं. पुष्पलतानं लुगडी उचलली आणि मुकाट्यानं सासूच्या पेटीत कोंबली. नवऱ्याच्या डोळ्यांत अशी चमक आली की वाद घालायचा नसतो, फक्त वस्तू हलवायच्या असतात, हे ती बारा वर्षांत शिकली होती.

रुपराव टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. शहराच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला नेऊन पोचवणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. लग्नाच्या वर्षी त्यांनी कामठीच्या छावणीतल्या लिलावातून एक रिळांचा टेपरेकॉर्डर आणला होता. तो उचलायला दोन माणसं लागत आणि ऐकायला सगळी गल्ली जमे. घरातली लग्नं, नामकरणं, भाषणं, जात्यावरची गाणी, सगळं त्यांनी रिळांवर उतरवून ठेवलं होतं. पण त्र्याऐंशी साल उजाडेपर्यंत ते यंत्र म्हातारं झालं. तोंडात पान धरून बोलावं तसा त्यातून आवाज येऊ लागला. तेव्हा रुपरावांनी ठरवलं, यंत्र डोळे मिटायच्या आत घरातला एकूण एक आवाज कॅसेटींवर काढायचा, कॅसेटी एका कपाटात लावायच्या, कपाटाशेजारी मेहुण्यानं दिलेला रेडिओ-टेपचा टू-इन-वन ठेवायचा आणि तिथून वायरी काढून सैपाकघरात, ओसरीत आणि अंगणात कर्णे बसवायचे. ज्याला जे ऐकायचं ते त्यानं सांगावं, रुपराव जोडून देतील. या योजनेला ते 'एक्स्चेंज' म्हणत. तिचा नकाशा कॅलेंडरच्या पाठीवर काढला होता आणि त्यासाठी सप्टेंबर महिना भिंतीकडे तोंड करून उभा होता.

अडचण एकच होती. कॅसेटी एका मापाच्या नव्हत्या. काही नव्वद मिनिटांच्या, काही साठच्या, ओमप्रकाशच्या माईकच्या दुकानातून आणलेल्या काही त्याहून आखूड, आणि काही चक्क जुन्या सिनेमांच्या, ज्यांच्या पाठीवरच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुसून नवं भरता येतं. ज्या घरात पाहुण्यांना पाच तऱ्हेच्या कपांतून चहा मिळतो, त्या घरात कॅसेटी तरी एका जातीच्या कुठून येणार?

पण रुपराव डगमगले नाहीत. त्यांनी दोन नियम केले. पहिला, टेप रिकामी सोडायची नाही. रिकामी टेप म्हणजे रिकामी बसलेली लाईन. एका कॅसेटीच्या शेवटी जागा उरली तर तिथे दुसऱ्या गाण्याचं डोकं, त्याचं धड तिसऱ्या कॅसेटीच्या शेपटाला, पाय आणखी कुठे. दुसरा नियम, प्रत्येक गोष्टीची एक जोडकॅसेट दुसऱ्या घरी. "उद्या घराले आग लागली तं?" ते म्हणत. जोडकॅसेटी ओमप्रकाशच्या दुकानात राहत. कॅसेटींवर नावं नव्हती, एक्स्चेंजसारखे नुसते नंबर होते. कुठल्या नंबरावर काय, हे फक्त रुपरावांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

हा एवढा खटाटोप खरं तर एका माणसासाठी होता. ते म्हणजे रुपरावांचे मामा, भिवापूरचे नत्थूजी.

छप्पन्न साली गावोगावची माणसं पांढरं नेसून दीक्षेला नागपूरला कशी आली, याचं एक लांबलचक गाणं नत्थूजींनी रचलं होतं. वीस-पंचवीस वर्षं ते त्यांनी मैलोन्‌मैल चालून, कुठे मांडवात, कुठे नुसत्या पारावर गायलं. रुपरावांच्या लग्नात ते पूर्ण गायले आणि रिळावर उतरले. पण गाणं संपतं न संपतं तोच लाईट गेली, सकाळच्या गाडीनं नत्थूजी गेले आणि ऐकायचं राहिलं. मग राहतच गेलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गळा वाचला, आवाज गेला. आता ते बोलत तेव्हा सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटल्यासारखं वाटे.

"अंजने," ते बहिणीला, रुपरावांच्या आईला, म्हणाले होते, "साऱ्या जिल्ह्यानं मले आयकलं. म्या तेवढं मले आयकलं नाही."

अंजनाबाई हे सांगताना दर वेळी पदर डोळ्यांना लावत. म्हणून रुपरावांनी शब्द दिला होता, "मामाजी, यंदा दसऱ्याले या. तुमचा आवाज अंगणात लावतो, साऱ्या पाहुण्यांसमोर." दसऱ्याला नागपूरच्या बेझनबागेतल्या घराघरांत भंडारा, चंद्रपूर, गोंदियाकडून माणसं उतरतात. शेंड्यांकडे चाळीस तरी येणार होती.

कपाट लागलं, वायरी लागल्या. कामठीहून मेहुणा जागेश्वर मदतीला आला. त्याला शिडी धरायला लावून रुपरावांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. गाण्याचं डोकं अंजनाबाईंच्या जात्यावरच्या गाण्यांच्या शेवटी होतं. कर्ण्यातून नत्थूजींचा आवाज आला, असा खणखणीत की पलीकडच्या छतावरची बाई वाळवण सोडून उभी राहिली.

*पांढरं नेसून निघाली माय, भाकर बांधली शेल्यात,*
*उजेड पाहाले चालले पाय, नागपूरच्या मेळ्यात...*

"वा वा वा!" रुपराव ओरडले. "आता पाहा जोडणी कशी करतो! पाहत राह्य!" आणि त्यांनी झटक्यात मधल्या तुकड्याची कॅसेट लावली.

"...और ये गेंद हवा में! फील्डर गेंद के नीचे... कैच! कैच कर लिया! पूरा स्टेडियम झूम उठा है!"

छतावरच्या बाईनं वाळवण पुन्हा हाती घेतलं. रुपरावांनी सावकाश मान वळवली. शिडी धरलेला जागेश्वर शिडीमागे लपता येतं का ते पाहत होता.

"जागेश्वर."

"भाऊजी, तुम्ही ड्युटीवर होते न! जूनमधी. वर्ल्ड कपची फायनल होती! देश जिंकून राहिला अन् घरात एक टेप नाही, असं कसं चालंल? त्याच्यावर निस्ता नंबर होता."

"काहून गा, तो नंबर म्हणजे मामाजी होते नं!"

"मले काय माहीत? माणसाचं नाव लिहाचं होतं नं मंग!"

क्षणभर रुपरावांचा चेहरा पडला. दुसऱ्याच क्षणी उजळला. उलट त्यांना आनंद झाला. जोडकॅसेट याच दिवसासाठी तर केली होती! लोक त्यांना हसले होते, आता कळेल. त्यांनी सायकल काढली आणि जागेश्वरला मागे बसवून ओमप्रकाशचं दुकान गाठलं.

"आपकी अमानत है शेंडेजी," ओमप्रकाश छातीवर हात ठेवून म्हणाला. "हमने हाथ भी नहीं लगाया."

आणि खरोखरच त्यानं हात लावला नव्हता. कॅसेट लावली. रेडिओवरचं संत्र्याच्या बागांवरचं भाषण सुरू झालं. नत्थूजींचा मधला तुकडा त्याच्या शेपटाला होता. भाषणात संत्र्याला डिंक्या रोग झाला, त्यावर उपाय झाला, खत झालं, पाणी झालं. वक्ते आभार मानू लागले. रुपरावांनी बोट वर केलं. "आता. आता आयका."

खट्.

बटण वर आलं. कॅसेट संपली होती.

"शेंडेजी, इसमें तो संतरे ही संतरे हैं," ओमप्रकाश म्हणाला.

रुपराव कॅसेटीकडे बघत राहिले. घरची कॅसेट नव्वदची होती, ही साठची. उन्हाळ्यात त्यांनी इथेच दोन्ही बटणं दाबून दिली होती आणि ड्युटीवर निघून गेले होते. परत आले तेव्हा बटण वर आलेलं. काम झालं, असं समजून त्यांनी नंबर टाकला होता. हंडाभर पाणी तांब्यात ओतलं होतं आणि सांडलेलं बघायला तिथे कोणी नव्हतं.

"भाऊजी," जागेश्वर हळूच म्हणाला, "रीळ असंल नं? मुळातलं?"

"रीळ!" रुपराव असे ओरडले की ओमप्रकाशच्या टेबलावरचा माईक शिट्टी मारू लागला. परतीच्या वाटेवर जागेश्वर सायकलवर नव्हता. तो मागून धावत होता.

"पुष्पे! ते रीळं कुठं हायेत वं?"

पुष्पलतानं पिठाचा हात न झटकता बोट वर केलं. छताकडे.

छतावर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, कपड्यांच्या दोरीला गुंडाळून, तपकिरी टेपा वाऱ्यावर फडफडत होत्या. ऊन पडलं की चमकत होत्या. आसपास एक चिमणी नव्हती.

"तुम्हीच तं म्हणले, कॅसेटीत आलं, आता रीळ कामाचं नाही," पुष्पलता जिन्यातून म्हणाली. "पापडाच्या टायमाले बांधलं मी. पाखरं बापजन्मात येत नाही तिकडं."

म्हणजे आवाज दोरीवर राहिला होता. एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा राहिला होता. दोघांनी तो सोडवून लाटण्यावर गुंडाळला, म्हाताऱ्या यंत्रावर चढवला आणि श्वास रोखून ऐकलं. कढईत भजी तळल्यासारखा आवाज आला. जागेश्वर म्हणाला, मधेच 'माय' असं ऐकू आलं. पण तो अपराधी होता, त्याला काहीही ऐकू आलं असतं.

एवढ्यात खाली दारात रिक्षा थांबली. दोन दिवस आधीच नत्थूजी आले होते. पांढरा सदरा, काखेत भिवापुरी मिरच्यांचं गाठोडं. ओसरीत टेकता टेकता ते हवेच्या आवाजात म्हणाले, "आलो. लाव."

"चहा तं घ्या मामाजी."

"चहा मंग. आधी मी."

"साऱ्यांसमोर लावू न, दसऱ्याले," रुपराव घाईघाईनं म्हणाले. "गर्दीत मजा हाय. एकट्यानं काय आयकाचं?"

नत्थूजींना हे पटलं. पंचवीस वर्षं गर्दीत गायलेला माणूस. पण त्यांनी खुर्ची मागितली आणि ती अंगणातल्या कर्ण्याखाली नेऊन ठेवली. कर्णा मुका होता तरी ते मधूनमधून त्याच्याकडे बघून हसत होते. रुपरावांना ते हसणं बघवेना.

सैपाकघरात सभा भरली.

"खरं सांगून टाका," पुष्पलता म्हणाली. "चूक होते माणसाची."

"सांग बाप्पा," अंजनाबाई म्हणाल्या, "पण मी शेजारी जाऊन बसतो आधी. मले त्याचं तोंड पाहवणार नाही. तीन वर्ष झाले, त्यानं एक गोष्ट मांगतली."

रुपराव अंगणाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मग अंजनाबाईच म्हणाल्या, "नाहीतं मधलं कोणी गाऊन टेपात भरा."

सगळ्यांनी जागेश्वरकडे पाहिलं. गुन्हा त्याचा. त्यानं खाकरून एक ओळ म्हटली. आवाज असा आला की वाटलं शाळेत हजेरी चालली आहे. मग सगळ्यांनी रुपरावांकडे पाहिलं. शब्द त्यांनाच पाठ होते. रिळावरून उतरवताना गाणं त्यांच्या कानांत मुरलं होतं. फक्त गळा नव्हता. रुपरावांचा गळा म्हणजे पावसाळ्यातली टेलिफोन लाईन. आधी घरघर, मग तडतड, मग दोन्ही बंद. लग्नानंतर ते एकदाच न्हाणीघरात गायले होते आणि शेजाऱ्यांनी बादली घेऊन धाव घेतली होती.

"मी?" रुपराव म्हणाले. पण डोळ्यांत पुन्हा ती चमक आली होती. पुष्पलतानं ओळखलं आणि खिडकीला गोधडी लावायला घेतली.

कारण न विचारता ओमप्रकाशनं नत्थूजींना दीक्षाभूमीवरची तयारी दाखवायला नेलं. सैपाकघराचं दार लागलं. जागेश्वरनं घमेलं उपडं करून मांडीवर घेतलं. त्यानं हात जोडून सांगितलं होतं म्हणून फायनल वाचली आणि एका कोऱ्या कॅसेटीवर लाल बटण दाबलं गेलं. पण चुलीवरची कढई उतरवायला पुष्पलता तयार होईना. चाळीस पाहुण्यांच्या सावजी मटणाचा मसाला करायचा होता आणि त्यासाठी मामाजींनीच आणलेल्या मिरच्या भाजायच्या होत्या.

"पाहुणे काय तुमच्या गाण्यावर जेवतीन?" तिनं विचारलं आणि मिरच्या कढईत टाकल्या.

पहिल्या ओळीला रुपराव ठीक होते. दुसऱ्या ओळीला भिवापूर त्यांच्या घशात उतरलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण टेप फिरत होती आणि रुपराव थांबणारे नव्हते. ते ओरडत होते, खोकत होते, खोकला तालावर घेत होते. मधल्या तुकड्यात गावांची नावं होती. "उमरेडची आली, कुहीची आली," इथपर्यंत आले आणि पुढचं गाव धुरात हरवलं. जागेश्वरनं घमेलं बडवता बडवता तोंड वासलं, "कामठी! कामठी!" रुपरावांनी कामठीही आणली. मूळ गाण्यात कामठी नव्हती. यावरून पुष्पलताच्या माहेरचे कामठीकर व्याही नत्थूजींवर बारा वर्षं रुसून होते.

दार उघडलं तेव्हा तिघं धुरातून बाहेर आले. "कसं झालं?" रुपरावांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. अंजनाबाई उठून शेजारच्या घरी जाऊन बसल्या.

दसऱ्याच्या दुपारी दीक्षाभूमीवरून सगळे परतले. अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरून गेलं. कर्ण्याखालच्या खुर्चीत नत्थूजी, पुढे सतरंजीवर भंडारेकर, चंद्रपूरकर, आणि मुद्दाम जरा बाजूला कामठीकर. आत कपाटाशी रुपराव.

पहिला तुकडा लागला. खणखणीत, मोकळा, सुरेल. "पांढरं नेसून निघाली माय..." अंजनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चंद्रपूरचे म्हातारे देवराव मान डोलवू लागले. नत्थूजींनी मात्र कर्ण्याकडे कान केला, भुवई आक्रसली आणि तशीच ठेवली.

दुसरा तुकडा लागला. घमेलं कडाडलं. घरघरत, तडतडत, मिरचीनं सोलून काढलेला एक आवाज अंगणात आला. भंडारेकरांनी एकमेकांकडे पाहिलं. रुपरावांनी दाराआड डोळे मिटून घेतले.

नत्थूजी खुर्चीत ताठ झाले. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. तालावरचा खोकला आला तशी त्यांनी 'बरोबर' म्हणून मान हलवली. कामठीचं नाव आलं तेव्हा त्यांनी व्याह्यांकडे असं पाहिलं की बारा वर्षांचा रुसवा तिथल्या तिथे विरघळला. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी वाहत होतं.

तिसरा तुकडा लागला, पुन्हा खणखणीत. भुवई पुन्हा आक्रसली.

गाणं संपलं. नत्थूजींनी हात वर केला. सगळे पुढे झुकले, कारण त्यांचं बोलणं झुकल्याशिवाय ऐकू येत नसे.

"तो मधला," ते म्हणाले, "तो मी."

रुपराव दाराआडून बाहेर आले.

"अन् आगं-मागं कोण होता गा? नाकात गाऊन राहिला. बाईवाणी."

"नत्थूजी," देवराव चाचरत म्हणाले, "तो पहिला आवाज तं आम्ही वीस वर्ष..."

"माहा गळा मले माहीत नाही?" नत्थूजींची हवा जोरात सुटली. "साठ वर्ष माह्या मानंत होता तो! अंजने, तू सांग. तू तं लहानपणापासून आयकलं."

अंजनाबाईंनी भावाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "तू म्हणशीन तसं, दादा," त्या म्हणाल्या.

माणूस स्वतःचा आवाज हाडांतून ऐकतो आणि जग तो हवेतून ऐकतं, म्हणून आपला आवाज आपल्याला परका लागतो, हे रुपरावांना खात्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्यांनी ते सांगायला तोंड उघडलं. मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याचे ओले गाल पाहिले आणि ट्रेनिंग गिळून टाकलं.

"रुपराव बाबू," नत्थूजी म्हणाले, "बाकीचंबी माह्या आवाजात असंल नं कुठं? एवढं कपाट भरून ठेवलं तू. सापडव. उद्या गाडी हाय माही."

"असंल मामाजी," रुपराव म्हणाले. "असंलच. पाहतो."

ते सैपाकघराकडे वळले. जागेश्वरनं न सांगता घमेलं उचललं. पुष्पलतानं पदर खोचला, उरलेल्या मिरच्यांचा पुडा घेतला आणि आत गेली. दार लागलं.

अंगणात सगळे बसून राहिले. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून धूर आला आणि धुरामागून आवाज. घरघरत, तडतडत पांढरं नेसून माय निघाली. नत्थूजींनी खुर्चीत पाठ टेकली, डोळे मिटले आणि बोटांनी ठेका धरला.

"सापडलं वाटते," ते म्हणाले.

कर्णा तर मुकाच होता. हे ओमप्रकाशच्या ध्यानात आलं, कारण त्याचा धंदाच तो. तो पुढे सरकून म्हणाला, "लेकिन मामाजी, ये तो अंदर शेंडेजी..."

नत्थूजींनी डोळे न उघडताच हात वर केला.

"चूप बस गा," ते म्हणाले. "मी गाऊन राहिलो."